चरे बुजवण्याचे चोचले

काय दिवस आलेत बघा! ज्या माणसाने स्वतःच्या घरात कधी चहाचा कप विसळला नाही, तो माणूस रविवारी सकाळी सात वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुडघे टेकून बसलेला. कपाळाला बॅटरी, डाव्या हातात नेलपॉलिशच्या मापाची बाटली, उजव्या हातात टूथपिक. समोर गाडीचं बोनेट आणि बोनेटवर मोहरीएवढा टवका. श्वास रोखून तो टूथपिकचं टोक बाटलीत बुडवतो, जास्तीचा रंग काठाला निपटतो आणि उरलेला कण टवक्याच्या मधोमध ठेवतो. मग मागे सरकून, मान वाकडी करून, एक डोळा मिटून बघतो. मग पुन्हा पुढे.

वॉचमन खुर्ची सोडून जवळ आलाय. दूधवाला एक पाय टेकवून उभा आहे. गॅलऱ्यांतून माना बाहेर. 'काय हो, काय चाललंय?' 'काही नाही, जरासं टचिंग.' जरासं? साडेनऊला आपण मंडईतून भाजी घेऊन परत येतो तरी स्वारी तिथेच! टवका होता तेवढाच आहे, पण आता त्याच्याभोवती मास्किंग टेपची चौकट आहे, शेजारी तीन नंबरांचे पॉलिशपेपर पाण्यात भिजत पडलेत आणि घरून चौथा फोन येऊन गेलाय. पोहे केव्हाच गार झाले.

बरं, हा एकटाच असता तर आपण 'असतो एकेक नमुना' म्हणून सोडून दिलं असतं. पण एक का दोन, अख्खी सोसायटी बिघडली आहे! कुणी दार घासतंय, कुणी आरशाची पाठ रंगवतंय, कुणी मोबाईलचा उजेड पाडून बंपरवर तिरपी नजर लावून बसलंय. आणि आपण? आपण फक्त बघतो आहोत, बरं का. उगाच संशय नको.

पूर्वी किती बरं होतं! गाडीला ओरखडा आला की आपण दोन दिवस हळहळायचो, तिसऱ्या दिवशी मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो आणि चौथ्या दिवशी विसरून जायचो. अगदीच पत्रा दिसू लागला तर कोपऱ्यावर डेंटिंग-पेंटिंगवाला होता. तो पोचा काढायचा, लांबी भरायचा, 'ड्युको मारून देतो साहेब' म्हणायचा आणि गाडी परत यायची ती शेजारच्या दारापेक्षा अर्धी छटा गडद होऊन. आपण म्हणायचो, मस्त झालं. उन्हात उभं करून बघण्याची पद्धतच नव्हती हो!

आता सर्व्हिस सेंटरला जावं तर तिथला टॅबवाला तरुण गाडीला प्रदक्षिणा घालतो आणि आवाज खाली आणून सांगतो, 'सर, एवढाच भाग नाही करता येणार. अख्खं पॅनल रंगवावं लागेल.' एका पॅनलचे तीन-चार हजार. वर सल्ला, 'क्लेम करून टाका ना!' क्लेम? आणि नो क्लेम बोनस काय पाण्यात सोडायचा? पहिल्या बिनक्लेमी वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के सवलत. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरची ही शिडी माणूस नोकरीतल्या बढतीपेक्षा जपून चढलेला असतो. एक क्लेम, की थेट तळाशी. त्यात सक्तीचे हजार-दोन हजार आपल्याच खिशातून जायचे ते निराळेच. मोहरीएवढ्या टवक्यासाठी? छे! मग माणूस मनात हिशेब करतो, बाटली चार-पाचशेची, पॉलिशपेपर चाळीस-पन्नासाचे, फडकं घरचंच. संपलं! इथेच पाय घसरतो.

सहा महिन्यांनी त्याच माणसाची डिकी उघडून बघा. सात-आठ हजारांचं सामान, सामानाला ठेवायला वेगळी पेटी, आणि टवका अजून जागच्या जागी. पैसे वाचले का, हा प्रश्न विचारायचा नाही. त्या घरात तर मुळीच नाही.

आणि ज्ञान तरी किती पाजळावं माणसाने! दहावीला विज्ञानात काठावर सुटलेले लोक लिफ्टमध्ये सांगतात की, गाडीचा रंग म्हणजे एक रंग नव्हेच. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, त्यावर गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या जोरावर चढवलेला ई-कोट, मग प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. तुम्ही चमक म्हणता ती त्या वरच्या थराची, रंगाची नाही, कळलं का? सगळं मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट तर आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. आपल्याला तिसऱ्या मजल्यावर उतरायचं असतं, पण ई-कोट लागल्यावर दार कोण सोडतो? पाचव्यापर्यंत जावंच लागतं.

मग येते ती नखाची परीक्षा. ही मात्र सोपी आहे आणि आपण सगळ्यांनी गुपचूप करून बघितलेली आहे. ओरखड्यावरून आडवं नख फिरवायचं. नख अडलं नाही तर चरा क्लिअर कोटातच आहे, पॉलिशने जाईल. अडलं तर खोल गेलाय, तिथे रंग भरावा लागणार. खाली करडा थर दिसला तर प्रायमर. चकाकता पत्रा दिसला तर मात्र घाई करा, कारण पुढचा पाहुणा गंज. या परीक्षेपायी हल्ली पार्किंगमधून जाताना माणसं दुसऱ्यांच्याही गाड्यांवरून नख फिरवत जातात. लाज नाही वाटत? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ओरखड्यांनाही लागू झालंय. स्वतःच्या गाडीवर 'बारीकशी रेघ' आणि शेजाऱ्याच्या गाडीवर 'केवढा मोठा घाव'!

नवशिक्यांचा पहिला गुन्हा बाथरूममध्ये घडतो. टूथपेस्टची नवी कोरी ट्यूब एका रात्रीत निम्मी! दात घासायला हवी म्हणून मुलं शोधतायत आणि वडील खाली फडक्यावर पेस्ट घेऊन दाराला गोल गोल चोळतायत. जातो का चरा? जातो, अगदी वरवरचा असेल तर थोडा पुसटतो, कारण पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. बाकी गाडीला पुदिन्याचा वास येतो. दुसऱ्या पंथाचे लोक डब्ल्यूडी-४० मारतात. १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवून गंज रोखण्यासाठी बनवलेलं ते औषध चऱ्यात तेलासारखं भरतं, चरा नाहीसा होतो, माणूस घरी सगळ्यांना बोलावून आणतो. पहिल्या पावसात तेल वाहून जातं आणि चरा हजर. सगळ्यांना बोलावलं होतं ना? आता द्या उत्तर.

तिसरा गुन्हा नेलपॉलिशचा. लाल गाडीवाल्यांच्या घरात लाल नेलपॉलिश टिकत नाही म्हणे. शिव शिव! पण इथे चोराच्या बाजूने एक शब्द बोलायलाच हवा. नेलपॉलिश आणि मोटारीचा रंग ही खरोखरच एका घराण्यातली भावंडं आहेत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ इतकी वर्षं फक्त काळ्याच रंगात मिळायची. इतर गाड्यांचे रंग चढवायला आणि वाळायला आठवडेच्या आठवडे लागायचे. मग १९२३च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीने ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग मोटारींसाठी आणला आणि काम तासांवर आलं. आपला गॅरेजवाला अजून ज्याचं नाव घेतो तो हाच ड्युको. नेलपॉलिशचा मुख्य घटकही नायट्रोसेल्युलोजच. तेव्हा बायकोच्या ड्रेसिंग टेबलातून बाटली उचलणारा नवरा चोर खराच, पण इतिहासाला धरून चालणारा चोर. दोष एवढाच की ती छटा जुळत नाही आणि गाडीच्या नाकावर तीट लावल्यासारखी दिसते.

छटा! या एका शब्दावर किती घरं अडली आहेत. अबोली आणि गुलबक्षी यांतला फरक ज्यांना लग्नाला वीस वर्षं होऊनही कळला नाही, ते आता 'पर्ल आर्क्टिक व्हाइट' आणि 'पोलर व्हाइट' यांवर तास तास बोलतात. आपण म्हणावं पांढरी गाडी, तर तुच्छतेने बघतात. रंगाचा कोड गाडीवरच कुठे तरी चिकटवलेला किंवा छापलेला असतो. कुणाच्या दाराच्या खांबावर, कुणाच्या बोनेटखाली. तो शोधण्यासाठी माणसं किती वाकतात! साहेबापुढे वाकली नाहीत तेवढी. कोड घेऊन नाना पेठेत जायचं, बाटली आणायची आणि मग कळायचं की कोड बरोबर असला तरी गाडी सात उन्हाळे उघड्यावर उभी होती, तिचा रंग कोडाला विचारून उडालेला नाही. चंदेरी गाडीवाल्यांचे हाल तर विचारूच नका. त्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. कारखान्यातल्या फवाऱ्याने ते एका रीतीने बसतात, आपल्या काडीने भलत्याच रीतीने. समोरून जुळलं तर बाजूने काळपट. म्हणून चंदेरी गाडीवाला भेटला की आपण आधी तब्येतीची चौकशी करतो.

या सगळ्या गर्दीत खरा हात कुणाचा, माहीत आहे? सी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा. बाई चाळीस वर्षं ठिपक्यांची रांगोळी काढतात आणि फळ्यावर सरळ रेघ मारत आल्यात. बाकीचे बाटलीच्या झाकणाला आलेला ब्रश फिरवतात आणि चऱ्याच्या जागी शिवण घातल्यासारखा उंचवटा करून ठेवतात. बाईंनी ब्रश पहिल्याच दिवशी फेकला. 'थेंब ठेवायचा, ओढायचा नाही,' हा त्यांचा नियम. आधी स्पिरिटने जागा पुसायची, कारण मेणचट जागेवर रंग धरत नाही. मग पातळ थर. वाळताना रंगातला द्राव उडतो आणि थेंब खाली बसतो, खड्डा पुन्हा दिसतो. मग दुसरा थर, मग तिसरा, असं करत आजूबाजूच्या रंगापेक्षा केसभर वर येईपर्यंत. मग आठवडाभर हात लावायचा नाही. मग २००० नंबरचा पॉलिशपेपर ओला करून हलक्या हाताने सपाट करायचं, शेवटी कंपाउंड. बाईंच्या गाडीवरचा टवका हातभर अंतरावरून दाखवा म्हटलं तरी दाखवता येत नाही. आणि आता भल्या भल्या कंपन्यांतले मॅनेजर संध्याकाळी त्यांच्या दाराशी उभे, 'बाई, जरा येऊन बघता का?' बाई चष्मा पुसत येतात, बघतात आणि म्हणतात, 'घाई केलीत.' बस्स. माणूस चौथीच्या वर्गात.

घाई! उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. रंग वाळायच्या आतच घासायला घेतात. त्यातून एकाने मशीन आणलं, हजारो फेरे मारणारं. चरा होता दोन इंचांचा. साहेबांनी कडेच्या उंचवट्यावर मशीन धरलं आणि धरूनच ठेवलं. उंचवट्यावर क्लिअर कोट आधीच पातळ बसलेला असतो, तिथे मशीन टेकायचंच नसतं, हे त्यांना कोण सांगणार? पाच मिनिटांत वरचा थर गेला, रंग गेला, तळहाताएवढा करडा प्रायमर हसत वर आला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गाडी ह्युंदाईची होती, हे आणखी वाईट.

पण सगळ्यांवर कडी केली ती लाल स्प्रेने. तळघरातल्या पार्किंगमध्ये, बंद हवेत, एकाने आपल्या बंपरवर लाल रंगाचा डबा मारला. त्या वासाने वरच्या मजल्यापर्यंत लोक शिंकले. (गंमत बाजूला ठेवा. हार्डनर घालून मारायच्या क्लिअर कोटात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट. उघडी हवा आणि योग्य मास्क नसेल तर तो डबा हातात घेऊच नये.) रंगाची धूळ कुठवर जाते? शेजारच्या पांढऱ्या गाडीवर सकाळी गुलाबी घामोळं उठलेलं! तिचे मालक म्हणजे सोसायटीचे खजिनदार, या सगळ्या प्रकाराचे कट्टर विरोधक. रीतसर तक्रार, तातडीची मीटिंग, इतिवृत्तात नोंद. शेवटी गुन्हेगार एक मऊसर चिकट गोळा घेऊन आला, त्याला क्ले म्हणतात. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून तो गोळा बोनेटवर हलकेच फिरवला की वरचे रंगाचे कण त्यात अडकून येतात. अर्ध्या तासात गाडी पांढरी. खजिनदारांनी खात्री करायला बोनेटवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. 'अरेच्चा! ही एवढी गुळगुळीत कधी होती?' गेला! तिथेच माणूस गेला. पुढच्या रविवारी खजिनदार दोन बादल्या घेऊन खाली. एक साबणाची, एक फडकं खळबळायची, आणि दोन्हींत खर तळाशी बसावी म्हणून जाळी. तक्रारीचं काय झालं? इतिवृत्त कुणी वाचतं का कधी?

या बादल्यांनी एका गरिबाच्या पोटावर पाय आला असता. पहाटे एक बादली नि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणारा आपला पोऱ्या. पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीला. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात ना, त्या अशाच पुसण्याने पडतात. हे कळल्यावर भक्तमंडळी हादरली. पण त्याला काढून टाकायचं कुणाच्या जिवावर आलं, म्हणून आता काही जण त्याला महिन्याचे पैसे देतात ते गाडीला हात न लावण्याचे. पोऱ्या खूश आहे. या सगळ्या वेडात शहाणा धंदा त्याचाच झाला.

दसऱ्याला काय झालं ते ऐकलंत? सासूबाई हळदकुंकवाचं तबक घेऊन खाली आल्या तर जावयाने बोनेटवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून ठेवलेलं. 'स्वस्तिक यावर काढा.' झेंडूच्या हाराला तार होती ती काढून लोकरीचा धागा. नारळ फोडायचा तो दहा फुटांवर. लिंबू चाकाखाली चालेल, पण रस उडता कामा नये, आम्ल असतं. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, पूजा केली आणि वर जाऊन मुलीला एवढंच म्हणाल्या, 'माणूस निर्व्यसनी म्हणून दिली होती ना गं तुला?'

आणि ते जाडी मोजायचं यंत्र? पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनचा आकडा दाखवतं. शंभर-सव्वाशे असला तर कंपनीचा रंग, दुप्पट-तिप्पट झाला तर पुन्हा रंगवलेलं, हजाराच्या पुढे गेला तर खाली लांबी. जुनी गाडी घेताना उपयोगी आहे, नाकारतो कोण? पण एका घरी म्हणे मुलगा बघायला आलेल्यांपैकी काका चहा होईपर्यंत 'जरा पाय मोकळे करतो' म्हणून खाली गेले आणि वर येऊन गरजले, 'डावा मागचा दरवाजा ३४० मायक्रॉन! हे आम्हाला पत्रिकेबरोबर का सांगितलं नाही?' खरं-खोटं देव जाणे. आपल्याला मात्र सांगताना कंटाळा येत नाही.

पैसेवाल्यांची तऱ्हा वेगळी. ते म्हणतात, चरा बुजवायचा कशाला, पडूच द्यायचा नाही. मग सिरॅमिक कोटिंग. '९ एच आहे!' असं छाती फुगवून सांगतात. हिऱ्याशी नातं असल्यागत! अहो, ती पेन्सिलीची मोजपट्टी आहे. शाळेत चित्रकलेला एचबी आणि २ बी वापरायचो ना, त्याच घराण्यातली सगळ्यात कडक पेन्सिल ९ एच. तिने ओरखडा उमटत नाही, एवढाच अर्थ. एक्स्प्रेसवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा पेन्सिल घेऊन येत नाही. त्याच्यावर उपाय पीपीएफचा, म्हणजे अख्ख्या गाडीला पारदर्शक कातडं. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवायला जी फिल्म निघाली, तिचे हे वंशज. खर्च गेला लाखाच्या घरात. पलीकडच्या गल्लीत एकाने बारा वर्षांच्या अल्टोला ती लावून घेतली. नाकापेक्षा मोती जड म्हणायला आपण पुढे सरसावलो खरे, पण जाता जाता हात फिरवून बघितलाच की नाही? बघितला. गार लागला.

आता जरा इकडे बघा. हो, तुम्हीच, मघापासून मिटक्या मारत वाचताय ते. तुमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये डाव्या कोपऱ्यात बॅटरीचे सेल, जुने चार्जर आणि त्यांच्या मागे ती छोटी बाटली आहे की नाही? हलवली की आतली गोळी टकटक वाजते तीच? गेल्या महिन्यात 'गाडी जरा पुसून येतो' म्हणून गेलात ते सव्वा तास काय करत होतात? मॉलच्या पार्किंगमध्ये दोन जागा अडवून मधोमध गाडी कोण लावतं? आणि पाहुणे आले की त्यांना गाडीच्या उजव्या बाजूनेच का नेता? आम्हाला सगळं माहीत आहे. कुणी कुणाला बोट दाखवायचं?

असो. वेडच करायचं तर निदान क्रम चुकवू नका. जिथे पत्रा उघडा पडलाय तो टवका मृगाच्या आत बुजवा. बंपर बहुतेक गाड्यांना प्लास्टिकचा असतो, त्याला गंज चढत नाही, तो दिवाळीपर्यंत निवांत थांबेल. भर पावसाळी दमट हवेत रंग लावू नका, पांढुरका पडतो. आणि ज्या कुणाकडे मॅग्मा ग्रेची अर्धी बाटली पडून असेल, त्यांनी ती वाळून जायच्या आत ए विंगच्या लिफ्टजवळच्या कोनाड्यात ठेवावी. कुणाला हवी आहे, ते विचारू नये.